त्र्याऐंशीवरचा जम्पर

गोधडीत गुंडाळलेलं मशीन खांद्यावर घेऊन कुणी दुकानात शिरलं, तर हसू येणारच की! मयूरीला आलं. सांगलीच्या विश्रामबागेत लालासाहेबांच्या दुकानात ती कॉम्प्युटर जोडायची, दुरुस्त करायची. आणि हा अवधूत, साताऱ्याचा, लग्नाच्या व्हिडिओंवर नावं नि पाकळ्या चढवणारा. मशीन फार रेंगाळतं म्हणून पठ्ठ्यानं स्वतःच वेग वाढवला, आणि नवरा-नवरीच्या नावांच्या फायलीच गमावून बसला.

तिनं झाकण उघडलं. प्रोसेसर बाकीच्या भागांशी ज्या वेगानं देवाणघेवाण करतो, तो बसचा वेग मुळात सहासष्ट मेगाहर्ट्झ. बोर्डावरची इवलीशी टोपी, म्हणजे जम्पर, हलवली की पंचाहत्तर, त्र्याऐंशी नाही तर शंभर. शंभर जरा अतीच होईल, म्हणून यानं मधला त्र्याऐंशी धरलेला.

"इथं मधलाच घात करतो," मयूरी म्हणाली. "त्र्याऐंशीला हार्ड डिस्कवरही ताण येऊन फायली बिघडतात. शंभरला बोर्ड डिस्कला तिच्या नेहमीच्या वेगावर ठेवतो. एक तर आहे तिथं राहा, नाही तर थेट शंभर."

तिनं शंभर लावला आणि काय सांगू, मशीन सुसाट निघालं! दोघं दोन तास पडद्यावरच्या पाकळ्या बघत बसले. मधे भडंगाच्या पुडीत बोटाला बोट लागलं... कुणीच घाईनं काढून घेतलं नाही.

पुढच्या गुरुवारी स्वारी पुन्हा हजर. फायली पुन्हा गेलेल्या. मयूरीनं सगळं नव्यानं भरून दिलं. जम्पर तिनंच लावलेला, तो कशाला तपासायचा? तिसऱ्या गुरुवारी तेच. लालासाहेब कुरकुरले, हे मशीन आपल्या दुकानाचं लय नाव घालवणार. मयूरीला मात्र आपलं काम चुकल्याची लाज वाटत होती, आणि तो आल्याचा आनंद तर पोटात मावत नव्हता. त्यात रविवारी कवठे महांकाळचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. वडिलांना नाही म्हणायचं, तर कुणाच्या जिवावर? हा बाबा मशीनपलीकडे एक शब्द बोलेल तर शपथ!

या खेपेला तिनं आधी जम्पर पाहिला. त्र्याऐंशी.

"हा आपोआप सरकत नाही," ती म्हणाली.

अवधूतचे कान लाल झाले. "मीच... दर बुधवारी सरकवतो."

"आणि तुमचं काम?"

"कॅसेटवर उतरवून ठेवतो आधी. मशीन धड चाललं तर सांगलीला कशाला येऊ? काय सांगून येऊ?"

मयूरीला राग यायला हवा होता. आठवडाभर ती स्वतःला दोष देत होती. राग आलासुद्धा, पण घटकाभरच. तिनं जम्पर शंभरवर नेला, झाकण लावलं, स्क्रू गच्च आवळले.

"हे आता बिघडायचं नाही," ती म्हणाली.

त्यानं आवळलेल्या स्क्रूंकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "मला तुम्ही आवडता. आईला घेऊन... रविवारी येऊ तुमच्या घरी?"

"रविवारी नको. रविवारी दुसरे येणार आहेत मला बघायला." त्याचा चेहरा पडलेला तिला बघवेना. "उद्याच या. मी आज रात्री वडिलांशी बोलते."

तो उठला तो थेट पळतच सुटला, साताऱ्याची एसटी गाठायला. लालासाहेब दारापर्यंत धावले. "आवं, मशीन ऱ्हायलं की तुमचं!"

"राहू द्या," मयूरी म्हणाली. "उद्या येतायत ते."