माळावरचं गेट

नाथाजीतात्यांचा सख्खा साडू केरबा. त्याच्यावर आलेला प्रसंग तात्या दिवेलागण झाल्यावरच सांगत, आणि सांगताना समोर बसलेल्या पोरांकडं बघत नसत.

सन चौऱ्याहत्तर, पौषातली अवस. त्या दुपारी केरबा भाकरीचं फडकं आणि काठी घेऊन नेहमीसारखा कामावर गेला. कऱ्हाडच्या अलीकडं माळावर मुंबईच्या एका शेठनं विमान उतरायची पट्टी केली होती. शेठ महिन्यातनं एकदा आभाळातनं यायचे आणि मोटारीत बसून महाबळेश्वरच्या बंगल्यावर जायचे. तेवढ्यासाठी पट्टीपासून हमरस्त्यापर्यंत तीन मैल गुळगुळीत डांबरी सडक. सडकेच्या पट्टीकडच्या तोंडाशी लोखंडी गेट, गेटाशेजारी राखणीची खोली. पट्टीलगतच्या वाडीतली माणसं मात्र ओढ्यातल्या दगडगोट्यांतनं लांबच्या वाटेनं जायची. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं डांबर उखडतं, म्हणून गेट त्यांना बंद. गेटाची आणि खोलीची, दोन्ही किल्ल्या केरबाच्या कमरेला.

दिवाळीच्या तोंडावर एका रात्री वाडीतल्या हरिबाची गाडी गेटाशी आली होती. गाडीत त्याची बायको विजयमाला, अडलेली. सडकेनं गेलं तर कऱ्हाडचा दवाखाना तासाभराचा. हरिबानं हात जोडले. केरबाचा हात किल्लीवर गेलाही. पण सकाळी शेठ येणार होते. सडकेवर चाकोरी उमटलेली दिसली तर नोकरी गेलीच. तो म्हणाला, वरचा हुकूम न्हाई.

गाडी ओढ्याकडं वळली. ओढ्यातच विजयमाला गेली, पोटातल्या जिवासकट. हरिबा वाडी सोडून आटपाडीला बहिणीकडं निघून गेला. केरबाला कुणी शब्दानं बोललं नाही. पण जेवता जेवता त्याचा घास हातातच राहायचा, असं त्याची बायको बयाबाई सांगायची.

तर त्या अवसेला शेठचं विमान दिवस बुडता बुडता उतरलं. मोटार गेली. केरबानं गेटाला कुलूप घातलं आणि भाकरी सोडली. आठ वाजून गेले असतील. काळोख असा, की हात दिसू नये.

ओढ्याकडनं घुंगरं वाजली.

केरबा कंदील घेऊन बाहेर आला. घुंगरं जवळ येत होती. मग धावेचा खडखडाट. मग बैलांचा फुसकारा, आणि त्याची ऊब थेट तोंडावर.

कंदील वर केला. समोर माळ मोकळा.

"कोण हाय?"

आवाज थांबला. हातभर अंतरावर.

मग कण्हणं... बाईचं. दात आवळून दाबलेलं.

"भावजी... आता तरी उघडा."

केरबा गेटाकडं वळला. किल्ली कुलपात बसेना. मागं कण्हणं वाढत होतं... वाढत होतं. एकदाचं कुलूप निघालं. केरबानं गेट लोटलं आणि डोळे मिटून घेतले.

चाकं हलली.

सडकेवर गेली नाहीत. वळली. खोलीच्या बाजूला.

त्याच्याच खोलीचं दार करकरलं. आतनं कडी पडली.

नंतर काही नाही. हुंकार नाही... रडणं नाही...

केरबा रात्रभर गेटाला पाठ लावून उभा राहिला. उजाडल्यावर पाहिलं, तर दार सताड उघडं. आत त्याची वाकळ आणि अर्धी भाकरी, दुसरं काही नाही. बाहेरनं कुलूप लावून तो घरी आला आणि तापानं फणफणला. चार दिवस बयाबाई उशाशी बसून होती.

अवस धरून सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. आता नोकरी नको, किल्ल्या देऊन टाकू, म्हणून तो निघाला. सोबतीला तात्या होते. खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं. केरबानं ते काढलं आणि उंबऱ्यावरच थांबला. तात्यांनी त्याच्या खांद्यावरनं आत डोकावलं.

कोपरा शेणानं सारवलेला होता. तिथं पाटा मांडलेला, त्यावर वरवंटा, हळदकुंकू, बाजूला इळा. मूल जन्मलं की घरोघरी पाचव्या रात्री पुजतात, तशी पाचवी पुजलेली.

तात्यांनी वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन विचारलं. त्या महिन्यात वाडीत कुणीच बाळंत झालं नव्हतं.

पाट्यापुढचा दिवा मात्र तेवत होता.