आठव्या गाण्यातले ठोके

पहिला अल्बम आला आणि पाच वर्षं शेजाऱ्यांच्या शिव्या खाणाऱ्या त्या चौघांच्या बँडचं नशीब फळफळलं. बंद पडलेल्या कारखान्यात पत्रे, साखळ्या आणि ड्रिल वाजवून केलेलं इंडस्ट्रियल रॉक. एरवी कोण विचारतो? पण समीक्षक एकजात आठव्या गाण्यावर लट्टू झाले होते. गाण्याच्या शेवटी लोखंडाच्या आतून येणारे तीन संथ ठोके, आणि ड्रमरनं त्यांना दिलेलं दोन ठोक्यांचं उत्तर. 'असा सवाल-जवाब आजवर ऐकला नाही,' असं एकानं लिहिलं होतं. ड्रमरनं सगळं श्रेय मुकाट्यानं खिशात घातलं. खरं तर ते तीन ठोके त्याचे नव्हतेच. रेकॉर्डिंग चालू असताना जुन्या बॉयलरमधून ते आले, आणि ताल ऐकला की त्याचे हात गप्प बसत नाहीत. त्यानं उत्तर दिलं, एवढंच.

कौतुकाची कात्रणं आणि अल्बम घेऊन तो मामांकडे गेला. मामा त्याच कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. आठवं गाणं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उत्तर तू दिलंस?"

"हो. का?"

"तीन म्हणजे, मी आत आहे, दार उघडा. दोन म्हणजे, ऐकलं, उघडतो." मामांनी कात्रणं बाजूला सारली. "साफसफाईला एक माणूस आत जायचा, एक दारावर. दारावर मी होतो... त्यानं तीन दिले, मी दोन दिले आणि गप्पांत रमलो. तेवढ्यात कुणीतरी बॉयलर पेटवला... तुझ्या मामीलासुद्धा हे सांगितलेलं नाही." मग म्हणाले, "आता तू शब्द दिलायस, भाचेराव. उघडायला हवं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं कारखान्यात गेले. बॉयलरचं दार उघडलं तर आत गंज आणि ओल्या राखेचा वास. माणूस नव्हता. भाच्याचा जीव भांड्यात पडला. मामांचा नाही.

"दार बंद असलं तरच तो ठोके देतो," ते म्हणाले. "मी आत जातो. माफी मागायचीय. दार लावून घे. तीन ठोके ऐकलेस की लगेच उघड... लगेच."

"मामा, घरी चला ना."

"घरी गेलोच कधी मी? तीस वर्षं या दारापाशीच उभा आहे."

त्यानं दार लावून दांडा टाकला. आतून मामांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. त्याला आपलाच श्वास मोठा वाटू लागला. तीन ठोके आले. त्यानं दोन दिले आणि जिवाच्या आकांतानं दांडा ओढला.

मामा बाहेर आले. अंगभर काजळी. त्यांनी मागे वळून दार लावलं, दांडा टाकला आणि भाच्याचं मनगट धरलं. हात चटका बसेल इतका गरम होता.

आतून तीन ठोके आले. पुन्हा तीन, घाईघाईनं. मग मोजदाद सुटली आणि कुणीतरी नुसतंच लोखंड बडवू लागलं. भाच्यानं मनगट सोडवायला जोर लावला. पकड तसूभरही ढिली झाली नाही.

"मामा... आत कोण आहे?"

समीक्षक ऐकतात तशी मान वाकडी करून मनगट धरणाऱ्यानं ते थोडा वेळ ऐकलं. मग मोकळ्या हातानं दारावर दोन ठोके दिले.

"चल," मामांच्याच आवाजात तो म्हणाला. "फार भूक लागलीय."