कोरडी जीभ

"मॅडम, तेरा नंबरवाले परत सुरू झालेत. सलाईन उपटलं. लवकर या!"

सिस्टरचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. डॉ. मेघना म्हात्रे ओपीडी तशीच सोडून जिन्याकडे धावली. डोंबिवली पश्चिमेच्या त्या छोट्या हॉस्पिटलात लिफ्टची वाट बघण्यात अर्थ नसायचा.

तेरा नंबरच्या कॉटवर कोपर गावचे काळुराम भोईर. वय चौऱ्याहत्तर. दोन माणसांनी त्यांना धरलं होतं. हवेतून न दिसणारे दोरे ओढत ते ओरडत होते.

"दार नाय उघडनार! रड, किती रडायचा तितका रड! संचे, गप!"

पायथ्याशी त्यांची बायको शेवंती बसली होती. मांडीवर पेजेचा डबा. चेहरा निर्विकार. हात मात्र सारखे थरथरत होते, डब्याचं झाकण वाजत होतं.

दीड महिन्यातली ही तिसरी खेप. आधी दोनदा काळुराम तीन दिवसांत ताळ्यावर येऊन घरी गेले, आणि आठवडाभरात परत आले. काल संध्याकाळी तर ते पेपर वाचत होते.

"कालपासून वेगळं काय झालं?" मेघनाने विचारलं.

"काही नाही," सिस्टर म्हणाली. "दोन दिवस आपली खिचडी होती. काल संध्याकाळपासून घरचं जेवण सुरू केलं."

म्हातारा माणूस अचानक बरळायला लागला की घरचे म्हणतात, वय झालं. मेघनाला ते पटत नसे. अचानक आलेल्या भ्रमाला कारण असतंच. तिने सोडियम, साखर, किडनी तपासून घेतली होती. लघवीत जंतू नव्हते, छाती साफ होती. मेंदूच्या स्कॅनमध्येही काही निघालं नव्हतं.

आता तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टॉर्च मारला. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, प्रकाशालाही आकसत नव्हत्या. मे महिन्याच्या उकाड्यात सगळा वॉर्ड घामाने निथळत होता, काळुरामांच्या काखेत मात्र थेंब नव्हता. कातडी तापलेली. जीभ चामड्यासारखी. ओटीपोट फुगलेलं. नळी घातल्यावर लिटरभर लघवी निघाली.

"हा आजार नाही," ती सिस्टरला हळूच म्हणाली. "यांना कुणीतरी काहीतरी देतंय. लघवीचा नमुना मुंबईच्या लॅबला पाठवा. विषारी औषधांची तपासणी सांगा."

मुलगा धनेश केबिनमध्ये आला.

"घरात कुणाला कसली औषधं चालू आहेत?"

"बाबांना बीपीची. दर्शनाला, माझ्या मिसेसला, थायरॉइडची. मी सर्दीची घेतो, मेडिकलमधून."

"सर्दीची गोळी बाबांना दिली?"

"एकदा दिलेली. पहिल्या वेळी. तुम्हीच बंद करायला सांगितलेलं ना!"

"आणि आईला काय चालू आहे?"

"आईला काय नाय. महिन्याला एक सुई घेते, ताकदीची. मी नेतो ठाण्याला."

"कोणत्या डॉक्टरांकडे?"

"आहेत एक." त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"संचे म्हणजे कोण?"

धनेश दचकला. "संचिता. माझी मोठी बहीण. आठ वर्षांची होती, खाडीत बुडाली. तीस वर्षं झाली."

मग दर्शना आली.

"डबा कोण भरतं?"

"मीच. पेजपण मीच करते. आम्ही सगळे तेच खातो, मॅडम."

"भरवतं कोण?"

"आई. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आता हात थरथरतात, अर्धी पेज सांडते, तरी त्याच."

"कधीपासून थरथरतात?"

"दीडएक महिना. आधी नव्हतं असं. तांदूळ निवडायच्या त्या."

घरच्या माणसांना वॉर्डात यायला मेघनाने त्या क्षणापासून बंदी घातली.

तिसऱ्या दिवशी काळुराम उठून बसले, चहा मागितला. चौथ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला. मेघनाने पोलिसांना कळवलं आणि सगळ्यांना काळुरामांच्या कॉटजवळ बोलावलं. इन्स्पेक्टर दाराशी उभे राहिले.

"धनेश, आईची सुई ताकदीची नाही. मनोरुग्णांना देतात ती आहे. बरोबर?"

त्याने मान खाली घातली.

"त्या सुईने हात थरथरतात, चेहरा लाकडासारखा होतो. म्हणून जोडीला थरथर थांबवणाऱ्या गोळ्या देतात. पण म्हाताऱ्या माणसाच्या पोटात त्या जास्त गेल्या तर घाम थांबतो, लघवी अडते, बाहुल्या मोठ्या होतात. तोंड सुकतं. आणि भ्रम होतो. तुमच्या बाबांच्या लघवीत तेच औषध सापडलं. मग प्रश्न एकच उरला. या गोळ्या मिळूनही घरात कोण घेत नाहीये? दीड महिन्यापूर्वी जिचे हात थरथरायला लागले, ती. मावशी, पिशवी दाखवता?"

शेवंतीने पिशवी पुढे केली. गोळ्यांची पाकिटं रिकामी होती. तळाशी कागदात पांढरी पूड होती.

"आई!" धनेश ओरडला. "तू बाबांना मारत होतीस?"

"मारायचा असता तं कवाच मारला असता," शेवंती म्हणाली. "डॉक्टरीनबाय, मना कवा वेड नव्हता. मी खरा बोलले म्हनून यानं मना इस्पितलात टाकली. अठरा महिने."

"काय खरं?" मेघनाने विचारलं.

"पोरीच्या हातून मिठाचा घमेला सांडला. यानं तिला मिठागरावरच्या पत्र्याच्या खोपीत कोंडली. असाच मे महिना. कुलूप घातला न् प्यायला गेला. सांजला उघडला तं पोर गेलेली. मंग खाडीत टाकली. सगली बोलली, बुडाली. मी न्हानली तिला. पोटात पानी नव्हता. जीभ सुकून काली पडलेली."

"त्या गोलीनं त्वांड सुकतं. माझा तीस वरसा सुकला. मना वाटला, याचा पन सुकू दे. तेवराच. पन मंग तो बोलाया लागला. दार नाय उघडनार. त्याच्याच त्वांडानं! मंग मी गोली वाढवली. तू आयकलास ना, डॉक्टरीनबाय?"

"ऐकलं, मावशी."

काळुरामांच्या बरळण्यातला शब्द न् शब्द मेघनाने केसपेपरवर लिहिला होता. त्याच्यावरच्या ओळीत, तिच्याच अक्षरात, 'रुग्ण भ्रमात' असं होतं. भ्रम होता हे तर आता तिनेच सिद्ध केलं होतं.

ती काळुरामांकडे वळली. "संचिता कशी गेली?"

त्यांचे डोळे स्वच्छ होते. "पाय घसरला. भरती व्हती." मग मुलाला म्हणाले, "हिला भरती कर. परत चालू झाला हिचा."

धनेश इन्स्पेक्टरांपुढे गेला. "साहेब, माझी आई वेडी आहे. जुने कागद आहेत माझ्याकडे. तिला जेलात नका नेऊ. मी सही करतो, हॉस्पिटलात ठेवतो."

"वेडी नाय लिवायची!" शेवंती पहिल्यांदाच ओरडली. "तुरुंगात टाका. पन वेडी नाय."

इन्स्पेक्टरांनी मेघनाकडे पाहिलं. "डॉक्टर, या शुद्धीत आहेत का?"

धनेशने हात जोडले. "मॅडम, सासष्ट वर्षांची आहे ती. विचार करून बोला."

मेघनाने शेवंतीला तारीख विचारली. वार, गाव विचारला. शंभरातून सात वजा करत खाली यायला सांगितलं. शेवंती शाळेत गेली नव्हती, तरी बोटांवर मोजत ती एकदाही चुकली नाही.

"पूर्ण शुद्धीत आहेत," मेघना म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी खुर्ची ओढली. "बाई, गोळ्यांचं सांगाल ते तुमच्यावर उलटेल. मुलीच्या बाबतीत तीस वर्षांनी हाती काही लागेल असं वाटत नाही. तरी सांगायचंय?"

"लिवून घ्या."

"तिचा काय आयकता?" काळुराम म्हणाले. इन्स्पेक्टरांनी पेन उघडलं.

शेवंतीने खोपीपासून सुरुवात केली. कुलपापर्यंत येते न येते तोच धनेश उठून बाहेर गेला. दर्शना थांबली.