येरझाऱ्यांचा आलेख

चालीचा अभ्यास करणाऱ्या संशोधिकेच्या टेबलावर पाच सेन्सर होते: दोन घोट्यांचे, दोन मांड्यांचे, एक कमरेचा. सगळे काड्यापेटीहून लहान. समोर दोन खुर्च्या, एक काठी, अर्धांगवायूतून सावरणारे आबा आणि त्यांचा सुतार मुलगा. मुलाच्या केसांत लाकडाचा भुसा होता. तोही तिने मोजला असता, पण तेवढ्यात त्याने वर पाहिलं…

"मोजणीबाई," आबा म्हणाले, "तीस वर्षं पायी टपाल वाटलं, तेव्हा नाही कुणी मोजलं. आता पाय फरफटतोय, तर मोजायला आलात होय?"

"फरफट कमी होतेय का, तेच बघायचंय, आबा. आठवडाभर हे बांधून घरी नेहमीसारखं चाला. त्यावरून पुढचे व्यायाम ठरतील."

"मी बघतो," मुलगा म्हणाला. पट्टे घेताना बोटांना बोटं लागली. वहीत त्याची नोंद झाली नाही.

आठवड्याने आलेख उघडला आणि ती चक्रावली. डावं-उजवं पाऊल अगदी सारखं! जिने धावत चढलेले! आणि रोज साडेपाचच्या आधी वीस मिनिटं येरझाऱ्या – सहा पावलं पुढे, सहा मागे.

साडेपाचला तिची प्रयोगशाळा सुटायची. समोरच्या बसथांब्यावर तो हल्ली रोज 'सहजच' भेटायचा.

तिने त्याला बोलावून घेतलं.

"आबा खूपच सुधारलेत. जिने धावत चढतात."

"हो का?" त्याचे कान लाल झाले.

"आणि रोज साडेपाचला कुणाची तरी वाट बघतात."

"…पकडलंत. आबा पट्टे बांधूच देईनात. प्रयोगातून त्यांचं नाव कटलं तर व्यायाम बंद होतील, म्हणून मीच…"

"यावरून मी त्यांना अवघड व्यायाम दिले असते. ते पडले असते!"

"चुकलो. पण… साडेपाचचं खोटं नाही."

ती पडद्याकडे वळली. हसू लपवायला तेवढीच जागा होती.

"हे सगळं पुसणार आहे मी. साडेपाचचा तुकडा मात्र…"

"मात्र?"

"माझ्याकडे राहील."

मग दोघांनी घरी जाऊन आबांना खरं सांगितलं. आबा मुलावर कडाडले, "माझ्या नावावर तू चाललास, गाढवा? माझं टपाल कधी दुसऱ्याने वाटलंय?" आणि पाय पुढे केला. "बांधा, मोजणीबाई."

आठवडाभर ते स्वतः चालले. त्या खऱ्या आकड्यांवरून तिने व्यायाम आखले. आबांनी दोन महिने एकही चुकवला नाही.

मग एका सकाळी प्रयोगशाळेच्या लांब व्हरांड्यात त्यांनी काठी भिंतीला टेकवली. पलीकडे मुलगा हात पसरून उभा होता.

"हात खाली घे! मी काय रांगणारं पोर आहे?"

मुलाने हात खाली घेतले. तिच्याकडे पाहिलं. तीही पाहत होती.

"एकमेकांकडे नंतर बघा," आबा छाती काढून म्हणाले, "आधी माझ्याकडे बघा!"

आणि निघाले.

दहा मीटर. काठीशिवाय. सतरा पूर्णांक चार सेकंद.