खडोलीच्या शेडमधली भरती

जुन्या बोटी तपासायच्या आणि पास-नापास सांगायचं, हे माझं काम. बंदरखात्यातून निवृत्त झाल्यावरही लोक बोलवत. एक्क्याण्णव सालच्या फाल्गुनात माझ्या भाचीचं, धनश्रीचं पत्र आलं. तिचा नवरा योगेश सिल्वासाला शाळेत मास्तर. खडोलीच्या एका बंद कारखान्यात तीस फुटी शिडाची बोट विकायला होती. ती घेऊन सुटीत दमणहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठायची, असं खूळ त्याने डोक्यात घेतलं होतं.

"त्यांना पोहता येत नाही, मामा," तिने लिहिलं होतं. "माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. बोटीत खोट असली तर भीड न धरता सांगा."

अमावास्येला सकाळी दहाच्या सुमारास मी आणि योगेश तिथे पोचलो. शेडमध्ये भरदिवसा अंधार, गंजक्या पत्र्याचा वास. बोट लाकडी टेकूंवर उभी होती. मी हातोडीने ठोकत तिला फेरी मारली. फायबर आतून सुटलं की आवाज बसका येतो. एकही जागा बसकी निघाली नाही. मात्र आत, तळाच्या खाचेत दोन बोटं पाणी होतं. चाखून पाहिलं, तर खारट.

"हे पाणी कुठलं रे?" मी पहारेकऱ्याला विचारलं. नथू त्याचं नाव, धुळ्याकडचा. जन्मात समुद्र पाहिलेला नाही.

"कालचं उरलंय साहेब. रोज पानी येतं ना. काल बाराला आलं व्हतं, आज पाऊण वाजता येईन. रोज पाऊण घंटा लेट."

भरती रोज तेवढीच उशिरा येते, हे नथूला कोण सांगणार? आणि समुद्र तर तिथून दहा कोसांवर.

तेव्हाच नापास म्हणायला हवं होतं. पण एका पहारेकऱ्याच्या बोलण्यावरून चांगली बोट नाकारली, असं कोणी म्हणेल याची मला लाज वाटली. आयुष्यभर मिरवलेला तोरा आडवा आला. म्हटलं, थांबू पाऊण वाजेपर्यंत, बघू तरी.

योगेश आणि मी बोटीतच बसून राहिलो. पाऊणला खाचेत बुडबुडे आले. चिखलाचा, मासळीचा वास सुटला. टेकू करकरले आणि बोट अलगद उचलली गेली... पाण्यावर उचलली जाते तशी.

योगेशने कठडा घट्ट धरला. "मामा... खाली बघा..."

मी पाहिलं. कोरडी फरशी होती. धुळीत आमच्या चपलांचे ठसे होते, आणि नथू तिथेच उभा होता.

"उतरा योगेशराव. फरशी आहे खाली."

"खोल आहे, मामा... तळच दिसत नाही..."

मी घाबरलो होतो, म्हणून चिडलो. शिडीवरून आधी मी उतरलो आणि त्याचा हात धरून ओढला. "या! मी आहे ना!"

त्याने पाय टाकला. पुढच्याच क्षणी त्याचा हात माझ्या हातातून सुटला. मी माणसं बोलवायला दाराकडे धावलो. परत आलो तेव्हा तो फरशीवर पालथा पडला होता. कपडे कोरडे, केसही कोरडे.

"छातीत खारं पाणी भरलंय," डॉक्टर म्हणाले. "कुठल्या किनाऱ्यावर बुडाले?"

धनश्रीने एवढंच विचारलं, "मामा, तुम्ही होतात ना त्यांच्यापाशी?"

"हो, बाळ. मदत आणायलाच धावलो होतो मी."

तेराव्याला नथू आला. त्याला बाजूला घेऊन मी तेच पुन्हा बोललो. मला कुणाची तरी साक्ष हवी होती. त्याने मान खाली घातली.

"तुम्ही धावले नाही, साहेब. फरशीपासून हातभर वर व्हते तुम्ही. हात मारत, पाय मारत दारापर्यंत गेले. मास्तरांनी तुमचा पाय धरला व्हता... तुम्ही लाथ मारून सोडवला."

मला आजही धावल्याचंच आठवतं. पण उजव्या घोट्याभोवती पाच बोटांचे निळे वळ आहेत, आणि इतक्या वर्षांत ते फिकेसुद्धा झालेले नाहीत. धनश्री भेटायला येते, नमस्काराला वाकते, आणि मी पाय मागे घेतो.