पांदण मोकळी झाली त्या सकाळी

माझी ओढणी बाभळीच्या काट्यांत अडकली, तीही भर पांदणीत!

आमच्या बपेऱ्याहून शाळेकडे जाणारी ही पांदण म्हणजे शेताशेतांमधून गेलेली गावची वाट. आजोबांचे आजोबाही इथूनच चालले असतील. आणि आज मधोमध काट्यांचा ढीग.

"हालू नको... फाटंल."

पलीकडे एक मुलगा होता. एकेक काटा इतका हळू सोडवत होता, की मला उगाचच वाटलं — अजून चार-दोन असते तर?

"कोनं बंद केली वाट?" मी डोळे वटारले.

"बाबानं. म्हणतात, वाट आमच्या शेतातून जाते."

"तू कोनाचा?"

"बाबाचाच," तो हसला. "टेकचंदचा भूषण. होस्टेलवरून धानाच्या रोवणीसाठी आलो."

"मी डिंपल. अन् ही वाट तुझ्या बाबाची नाई!"

"मले माहीत हाये. त्यायले सांगून सांगून थकलो."

घरी माय, म्हणजे रोवणीवाल्या बायांची म्होरकी कौशल्याबाई, एकच बोलली. "डांबरी रस्त्यानं रेतीचे टिप्पर धावतात. पांदण नाई, तं शाळा नाई."

अकरावीतच शाळा संपणार? छे!

मग मायला न सांगता रोज सकाळी मी पांदणीत. भूषण काटे जरा सरकवायचा, माझी सायकल उचलून पलीकडे ठेवायचा.

"किती दिवस उचलशील?"

"तू किती दिवस येशील?"

मी घंटी दोनदा वाजवली...

एके दिवशी टेकचंदकाकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी काटे दुप्पट, भूषणचा पत्ता नाही, आणि मी घरी परत. मायला सगळं कळलं. मी बोलणीही खाल्ली.

संध्याकाळी भाकर वाढताना माय म्हणाली, "उद्या टेकचंदभाऊची रोवणी हाये."

माझा घास हातातच राहिला. "माय... तुमी जाणार कुठून?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच हसली.

सकाळी सगळ्या बाया लुगडी खोचून काट्यांपुढे उभ्या. मीही दप्तर पाठीला लावून, सायकल घेऊन!

"या ना वो बाई!" काका बांधीतून, धानाच्या चिखलातून ओरडले. "उपटलेले धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले!"

"कुठून येऊ, भाऊ?"

"धुऱ्यानं, शेताच्या कडेकडेनं फिरून या."

"आमी पांदणीनं येतो," माय म्हणाली. "नाई तं दुसऱ्याच्या बांधीत जातो."

आणि बाया चक्क खाली बसल्या. शकुंतलाबाईंनी तर पानाचा डबा उघडला.

तेवढ्यात भूषण धावत आला आणि काटे ओढायला लागला. नुसत्या हातांनी!

"भूषण! सोड ते!"

"पांदण गावची हाये, बाबा."

काकांनी पऱ्ह्यांकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. पोराच्या हातावरच्या रक्ताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"उघड्या हातानं कायले ओढतं, बैताडा? थांब, कुऱ्हाड आणतो!"

बाया अशा हसल्या, की बांधीतले बगळे उडाले. काकांनी स्वतः शेवटची फांदी बाजूला फेकली. माय पुढे, बाया मागे, ऐटीत पांदणीतून गेल्या. जाता जाता मायनं माझ्या पाठीवर थाप मारली. "जाय. शाळेले उशीर होते."

मी सायकलवर बसले. भूषण मात्र तोंड पाडून उभा.

"आता काय झालं?"

"आता सायकल उचलाले नाई भेटणार..." तो थांबला. कान लाल. "डिंपल, मले तू... लय आवडतेस."

समोर सरळ, मोकळी वाट होती. पायडल मारलं असतं तर भुर्रकन गेले असते.

मी सायकलवरून उतरले.

"मलेही," मी म्हणाले. "चाल, पांदण संपेपर्यंत पायीच जाऊ."