डाव्या खांद्यावरच्या चुण्या

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. श्रुतीच्या आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून तसं वचन घेतलं होतं, आणि मी ते तीन आठवडे पाळलं. मी तशीही फारशी बोलत नाही, त्यामुळे जड गेलं नाही. पण आज दुपारपासून वाटतंय, की कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं. काही श्रुतीने सांगितलं, काही मी स्वतः पाहिलं. दोन्ही जोडून लिहिते.

श्रुती माझ्याच वर्गात, नववीत. तिचे बाबा श्रीकांतकाका सायली गावच्या एका कारखान्यात इंजिनियर. सहा दिवस यंत्रं आणि रविवारी कॅमेरा, असा त्यांचा आठवडा. फोटो काढायचे, लॅपटॉपवर बसून सुधारायचे, घरच्या प्रिंटरवर छापायचे आणि मग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून कोण काय म्हणतंय याची वाट बघत बसायचं. घरात माणसं तीन. आई, बाबा आणि श्रुती. आणि सगळी अडचण तिथेच होती.

कारण नाशिकच्या आजीचा दंडक होता, की तिघांचा फोटो काढायचा नाही. मधल्याला उचलतात, असं ती म्हणायची. कोण उचलतं, ते कधी सांगायची नाही.

बाबांचा यावर काडीचा विश्वास नव्हता, पण आजीशी वाद घालण्यापेक्षा चौथं माणूस शोधणं सोपं होतं. त्यामुळे श्रुतीच्या घरातल्या प्रत्येक फोटोत कुणीतरी परकं असायचंच. कधी सोसायटीचा वॉचमन, कधी रिक्षावाला, एकदा दमणच्या किनाऱ्यावरचा नारळपाणीवाला, हातात कोयता घेऊन. एकदा कुणीच मिळेना म्हणून रस्त्यावरचा कुत्रा शेजारी बसवला, तर आजीने फोनवर अर्धा तास घेतला.

"श्रीकांत, कुत्रं माणसात धरतात का रे?"

"आई, आपल्या दोन-तीन नातेवाइकांपेक्षा शहाणं होतं ते."

असं हसतखेळत चाललं होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ते तिघं सुरंगी गावाकडे गेले. भात पिकून पिवळं झालं होतं आणि बाबांना ते उतरत्या उन्हात हवं होतं. रस्त्याला गाडी लावून ते बांधावर आले. श्रुतीला मधे एका दगडावर बसवलं, आई-बाबा दोन्ही बाजूंना बसणार होते. स्टँडवर कॅमेरा लागला आणि मग सगळ्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. चौथं कोण?

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक म्हातारी येताना दिसली. वाळकी, उंच, कपाळावर गोंदण. बाबांनी विचारलं तेव्हा तिने भारा खाली टाकला आणि तोंडावर पदर धरून हसली.

"माजा फोटू? या चिरमटल्या तोंडाचा?"

"याआधी कधी काढलाच नाही का?" आईने विचारलं.

"आधार कार्डावर हाय एक. त्यात मीच मला वळखत नाय."

तिचं नाव चिमाबाई. ती श्रुतीच्या मागे उभी राहिली आणि कुणी न सांगता तिने आपला हात श्रुतीच्या डाव्या खांद्यावर ठेवला. हात हलका होता, पण बोटं खरखरीत. पिवळ्या कुर्त्याला बोटांखाली चार चुण्या पडल्या. कॅमेऱ्याची टिकटिक झाली, फोटो निघाला. गवताचा ओला वास श्रुतीला नंतर गाडीतही येत राहिला.

निघताना चिमाबाई म्हणाली, "मला एक देजो, दादा. भिंतीला लावीन."

"पुढच्या रविवारी आणून देतो, आजी."

"मी हितंच बसन. या बांधावर."

श्रुतीने परतीच्या वाटेवर कॅमेऱ्यातला तो फोटो बाबांच्या मोबाइलवर घेतला आणि तिथूनच मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आमची आजची चौथी.' मी एक हसरा चेहरा पाठवला आणि विसरून गेले.

पुढच्या रविवारी बाबांना कारखान्यात जावं लागलं. त्याच्या पुढच्याला दिवाळीची खरेदी निघाली. मग दिवाळी, मग नवीन फ्लॅटची रंगरंगोटी. सहा रविवार असेच गेले.

सातव्या रविवारी दुपारी बाबा लॅपटॉप घेऊन बसले. नवीन फ्लॅटच्या वास्तुशांतीला पाहुणे येणार होते आणि हॉलच्या भिंतीवर कुटुंबाचा मोठा फोटो हवा होता. सुरंगीचाच सगळ्यांत छान आला होता. फक्त, ओळख ना पाळख अशी म्हातारी हॉलमध्ये कशाला, असं त्यांना वाटलं.

श्रुती शेजारी बसून बघत होती. फोटोतल्या भाताचा एक तुकडा उचलायचा, म्हातारीवर चिकटवायचा. पुन्हा एक तुकडा, पुन्हा. आधी पाय गेले, मग लुगडं, मग गोंदलेलं कपाळ. शेवटी राहिला फक्त खांद्यावरचा हात. मनगटामागे काही नसलेला.

"बाबा, आजी काय म्हणेल?"

"फोटो काढताना चौघं होतो ना? नियम पाळला. आता भिंतीवर कोण मोजतंय?"

आणि त्यांनी हात पुसला. आई चारचा चहा घेऊन आली, तेव्हा ते फाइल सेव्ह करत होते. नवीन नाव देऊन वेगळी ठेवायची, ते राहिलं. होती त्याच फाइलवर सेव्ह झाली. कॅमेऱ्यातलं कार्ड तर दिवाळीतच पुसून रिकामं केलेलं.

प्रिंटर सुरू झाला. खर्रर्र... खर्रर्र... एकेक रेघ करत कागद बाहेर येऊ लागला. आकाश, मग भात, मग तिघांचे चेहरे. बाबा कागद उजेडात धरून खूश झाले. श्रुतीने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, चुण्या राहिल्यात."

हात नव्हता. पण पिवळ्या कुर्त्यावर, डाव्या खांद्याशी, चार चुण्या तशाच होत्या. कुणीतरी धरून ठेवल्यासारख्या.

बाबांनी लॅपटॉपवर खांदा मोठा करून पाहिला. तिथे कापड सपाट होतं. पुन्हा छापला. कागदावर पुन्हा चार चुण्या, या वेळी जरा खोल. तिसऱ्यांदा छापला तेव्हा फोटोतली श्रुती डावीकडे किंचित कलली होती. खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि आत ओल्या गवताचा वास भरला होता.

"शाईचा वास आहे," बाबा म्हणाले.

आईने उठून खिडकी उघडली.

त्यांनी पहिला कागद फ्रेमला दिला आणि फोटो ग्रुपवर टाकला. श्रुतीच्या काकांनी लिहिलं, 'श्रीकांत, नोकरी सोड, स्टुडिओ टाक.' मावशीने फुलं पाठवली. आणि दहा मिनिटांनी नाशिकहून फोन आला. आजीचा आवाज इतका बारीक होता, की बाबांना दोनदा विचारावं लागलं.

"श्रीकांत... यात चौथं कुठं आहे?"

"आहे गं आई. म्हणजे, होतं."

"मधे कोण बसलंय?"

बाबांनी श्रुतीकडे पाहिलं आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

सोमवारी शाळेत श्रुतीने दप्तर उजव्या खांद्यावर घेतलं होतं. ती नेहमी डाव्यावर घेते, म्हणून माझ्या लक्षात आलं. बुधवारी ती बाकावर कलून बसली होती. बाईंनी "सरळ बस" म्हणून दोनदा टोकलं. शुक्रवारी प्रार्थनेला मी तिच्या मागे उभी होते. तिचा डावा खांदा बोटभर खाली उतरला होता, आणि इस्त्री केलेल्या शर्टावर चार चुण्या होत्या. मी हात लावून त्या सपाट केल्या. बोटं उचलली तशा त्या पुन्हा आल्या.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखत नाही. कुणीतरी टेकलंय असं वाटतं... आणि दमल्यावर माणूस जास्त भार टाकतं ना, तसं रोज थोडं थोडं."

डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलाय. मलम दिलं. शनिवारी तिला ताप भरला आणि श्वास अर्ध्यावर अडकू लागला. आईने भिंतीवरची फ्रेम काढून पाहिली. फोटोतल्या श्रुतीची मान आता पूर्ण कललेली होती. डोळे मिटत आल्यासारखे दिसत होते.

आईने फ्रेम पालथी ठेवली. "मूळ फोटो छाप. बाईसकट. आत्ता."

बाबा रात्रभर शोधत राहिले. लॅपटॉप, जुनं कार्ड, मोबाइल. मोबाइलची जागा भरली म्हणून त्यांनी दिवाळीनंतर सगळं उडवलं होतं. जिथे तिथे तिघंच.

रविवारी सकाळी ते श्रुतीला मागच्या सीटवर झोपवून सुरंगीला गेले. चिमाबाईचा नवा फोटो काढू, तो यात बसवू, असं बाबांच्या डोक्यात होतं. भात कापून झालं होतं. बांधावर कुणी नव्हतं. जवळच्या घरातून तिचा पुतण्या नथू बाहेर आला.

"तुम्ही फोटूवाले?" त्याने विचारलं. ओळख द्यावी लागली नाही.

"हो. चिमाबाई आहेत?"

"गेली ती. आज आठ दिस झाले."

आईने बाबांचं मनगट धरलं.

"दर रविवारी जेवली का बांधावर जाऊन बसायची," नथू सांगू लागला. "फोटू येणार म्हणायची. आम्ही हसायचो. त्या रविवारी पण बसली. चारला चहा घेऊन गेलो, तर बसल्या जागी..." त्याने बांधाकडे बोट दाखवलं. "तिचा एक पण फोटू नाय आमच्याकडं. आधारचं कार्ड होतं, ते उंदरांनी खाल्लं. आणलाय ना तुम्ही?"

बाबांना खाली बघावं लागलं. श्रुती सांगते, की तिने त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि तेव्हाच, मागच्या सीटवर, तिला मी आठवले.

अकरा वाजता ते आमच्या दारात होते. माझी आई शिक्षिका आहे, ती शाळेच्या कामाला गेली होती. माझे बाबा झोपले होते. मी दारातच मोबाइल उघडला, बोटाने वर वर सरकवत ऑक्टोबरपर्यंत गेले. होता. चौघं होते. चिमाबाई सरळ कॅमेऱ्यात बघत होती, हात श्रुतीच्या खांद्यावर.

श्रीकांतकाकांनी तो घरी नेऊन छापला. दोन प्रती. एक हॉलमध्ये लागली, दुसरी घेऊन ते तिघं त्याच दुपारी पुन्हा सुरंगीला गेले. नथूने ती भिंतीला लावली, समोर दिवा ठेवला, आणि श्रुती गाडीत उठून बसली. "पाणी दे," म्हणाली. ताप उतरला होता. सोमवारी तिने दप्तर डाव्या खांद्यावर घेतलं.

काकूंनी त्यानंतर मला बोलावून वचन घेतलं. "कुणाला सांगायचं नाही, आईला पण नाही. आणि तुझ्याकडचा तो पुसू नकोस. आमचा त्यावरूनच छापलेला आहे." मी हो म्हटलं.

म्हणून मी आईला सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

आमच्याही घरात माणसं तीनच. आज बाबांना सुट्टी आहे, आणि मामाने आमचा तिघांचा एक बरा फोटो मागितलाय. जेवताना आई म्हणाली, "तिघांचा काढत नाहीत म्हणतात. बघू कुणी मिळतं का खाली." मी घास तसाच ठेवला. खोलीत येऊन मोबाइलमधला तो फोटो उघडला. तीन आठवड्यांत मी तो उघडला नव्हता.

चिमाबाई आहे त्यात. पण तिचा हात श्रुतीच्या खांद्यावर नाही. श्रुतीचा कुर्ता सपाट आहे. हात पुढे आलाय, पंजा उघडा, आणि ती श्रुतीच्या डोक्यावरून बघते आहे. कॅमेऱ्याकडे नाही. मोबाइल जो हातात धरेल, त्याच्याकडे.

मी श्रुतीला फोन केला. ती म्हणाली, हॉलमधल्या फोटोत सगळं जसंच्या तसं आहे, ती ठीक आहे, आणि मी अशी का बोलतेय. मी फोन ठेवला आणि ही वही काढली. लिहायला तास गेला असेल.

आता बाहेर आईचं कुणाशी तरी बोलणं ऐकू येतंय. आई हसते आहे.

"केतकी! ये लवकर, मिळालं चौथं माणूस! अगं, जिन्यात गवताचा भारा टेकवून बसल्या होत्या या आजी, मी म्हटलं, दोन मिनिटं उभ्या राहता का... ये ना, तुझी मधली जागा ठेवलीय!"

चौथ्या मजल्यावर गवत घेऊन कोण येईल, हे आईच्या मनातसुद्धा आलं नाही. मी जाऊन सांगणार आहे, की आज फोटो नको, काहीही कारण सांगेन, पण उठायला जातेय तर माझ्या डाव्या